पाच भाषांचे एक वर्ष

गेल्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी जर्मनीतील एका विद्यापीठात दोन सत्रे काढून परत आली. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक जण आधुनिक साहित्य, दुसरी भाषाविज्ञान. ही मुलगी आमच्याकडे मराठी घेऊन बी.ए. झाली, जोडीला जर्मनच्या परीक्षा देत राहिली आणि एम.ए. करताना शिष्यवृत्ती मिळवून वर्षभरासाठी गेली. परतल्यावर तिने वाङ्मयमंडळात त्या वर्षाविषयी बोलावे असा आग्रह आम्हीच धरला.

पहिली पंधरा मिनिटे ती झकास बोलली. दुपारी चारला मावळणारा दिवस, पावाचे बावीस प्रकार, रविवारी कुलूप लागलेली दुकाने, वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघरावरून झालेली भांडणे. सभागृह हसत होते. मग मागच्या बाकावरून एका मुलाने सरळ विचारले, ''पण तिथे तू शिकलीस काय?'' तिने सुरुवात केली. युद्धोत्तर जर्मन कादंबरीतील स्मृतीच्या प्रश्नावर तिने सत्राच्या अखेरीस निबंध लिहिला होता, त्याविषयी सांगू लागली आणि दोन वाक्यांनंतर थांबली. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, ''सर, हे मी इंग्रजीत सांगितलं तर चालेल का?'' आम्ही मान डोलावली. पुढची वीस मिनिटे ती इंग्रजीत बोलली. चांगले बोलली, परंतु निम्मे सभागृह तिच्या हातून सुटले होते, आणि ते तिलाही कळत होते.

दुसऱ्या दिवशी अध्यापक-कक्षात निवाडा झाला : ''वर्षभरात मराठी विसरली.'' कुणी तो खेदाने केला, कुणी थोड्या चवीने. आम्हांला हा निवाडा मान्य नाही. ती मराठी विसरलेली नव्हती. तिचे जे झाले ते विसरण्यापेक्षा वेगळे आहे, आणि त्यात आमचा स्वतःचा वाटा लहान नाही. या लेखाचे प्रयोजन एवढेच.

आधी तिच्या भाषांची मोजदाद करू. तिचे घर धुळे जिल्ह्यात. घरची भाषा अहिराणी. शाळेत भेटली ती प्रमाण मराठी. हिंदी सिनेमातून, बाजारातून आणि पुढे वसतिगृहातून आली. इंग्रजी क्रमिक पुस्तकातून. पाचवी जर्मन, जी तिने स्वतः निवडली. युरोपीय संघाच्या नेत्यांनी २००२ साली बार्सिलोना येथे असे उद्दिष्ट ठेवले, की प्रत्येक मुलाला लहान वयापासून मातृभाषेखेरीज किमान दोन भाषा शिकवाव्यात. आमच्या मुलीच्या पदरी पारपत्र काढण्यापूर्वीच चार होत्या आणि पाचवी निम्मी. त्यात तिला काही विशेष वाटत नव्हते. आपल्याकडे ते कुणालाच वाटत नाही.

आता या पाच भाषांचे जर्मनीत काय झाले ते पाहू. आम्ही तिच्याकडून ते नंतर सविस्तर ऐकले.

अहिराणी सुखात होती. रोज संध्याकाळी आईचा फोन. कधी अर्धा तास, कधी तास. हिंदीही सुखात. वसतिगृहात इंदूरची एक आणि लखनौचा एक असे विद्यार्थी होते. डाळ कुणी शिजवायची इथपासून देशाचे काय होणार इथपर्यंत सारे हिंदीत. इंग्रजी तर सर्वत्र होती : काही चर्चासत्रांत, तुर्की आणि कोरियन मैत्रिणींशी बोलताना, विद्यापीठाच्या पत्रव्यवहारात. हाल झाले ते जर्मनचे. जी भाषा शिकायला ती गेली, ती बोलू देण्यास कुणी तयारच नव्हते. ती अडखळली, की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीवर येई. वर्गमित्र इंग्रजीवर येत, ग्रंथालयातील सेवक इंग्रजीवर येत. पहिल्या तीन महिन्यांत तिची जर्मन वाढली ती प्रामुख्याने निवासनोंदणीच्या कचेरीत, कारण तेथील बाईंनी इंग्रजी बोलण्यास स्वच्छ नकार दिला. ज्या खिडकीपुढे तिला रडू आले, त्याच खिडकीने तिला भाषा शिकवली, असे ती आता हसत सांगते.

राहिली प्रमाण मराठी : जिच्यात तिने पदवी मिळवली, जिच्यात ती चांगले लिहीत असे. या भाषेला त्या वर्षात कुणी माणूसच नव्हते. आईशी अहिराणी, मित्रांशी हिंदी, अध्यापकांशी इंग्रजी किंवा जर्मन. गावातील महाराष्ट्रीय कुटुंबांनी गणपतीला बोलावले तेवढी एक संध्याकाळ. एरवी मराठी बोलायची तर कुणाशी?

'मातृभाषा कुठे जाते? ती रक्तात असते' असे आपल्याकडे म्हणण्याची पद्धत आहे. तिच्या रक्तात जी होती ती अहिराणी, आणि ती खरोखरच कुठे गेली नाही. प्रमाण मराठी तिच्या रक्तात नव्हती. ती शाळा, वर्ग, ग्रंथालय आणि आम्ही, यांच्या आधाराने उभी होती. आधार काढला तेव्हा ती बसली. मराठीच्या अनेक विद्यार्थ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. वऱ्हाडी, मालवणी, गोंडी, पावरी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना आपण 'मराठी माध्यमाची मुले' म्हणतो आणि त्यांच्या दोन भाषा एकच समजून हिशेब करतो. परदेशातील एक वर्ष हा हिशेब उघडा पाडते.

परंतु 'बसली' म्हणजे नष्ट झाली असे नव्हे. याबाबतीत अभ्यासकांनी जे दाखवून दिले आहे ते धीर देणारे आहे. हॅरी बाह्रिक या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळा-महाविद्यालयात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची स्मरणशक्ती तपासली. त्यांतील काहींना शिकून पन्नास वर्षे लोटली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत पुष्कळ गळती होते, परंतु त्यानंतर जे उरते ते पुढे सुमारे तीस वर्षे जवळजवळ तसेच राहते, असे त्यांना आढळले. आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा अभ्यास २००९ चा आहे. जॅरेड लिंक, जुडिथ क्रोल आणि ग्रेचेन संडरमन यांनी स्पेनमध्ये राहून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांची तुलना घरीच वर्गात स्पॅनिश शिकणाऱ्यांशी केली. प्राणी, फळे अशा एखाद्या गटातील जितकी नावे आठवतील तितकी ठरावीक वेळात सांगायची, अशी एक चाचणी होती. स्पेनमधील मुलांना स्वतःच्या इंग्रजीतील नावे कमी सुचली. मायदेशी परतल्यावर सहा महिन्यांनी पाहिले, तर इंग्रजी पूर्ववत झाली होती. म्हणजे नवी भाषा बोलता यावी म्हणून मन जुनीला काही काळ बाजूला बसवते. घराबाहेर काढत नाही.

तेव्हा 'शब्द ओठांवर येऊन अडकतात' ही तक्रार घेऊन एखाद्या मुलाचे पत्र आले, तर त्याला घाबरवू नये. ते शिकत असल्याचे लक्षण आहे. अडकलेला शब्द सुटतो. मात्र आमच्या मुलीचे दुखणे हे नव्हते. तिला जुना शब्द आठवत नव्हता असे नाही. तिला हवा असलेला शब्द तिच्या मराठीत कधी आलाच नव्हता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

द्वैभाषिकतेचे अभ्यासक फ्रान्स्वा ग्रोझाँ यांनी एक साधे तत्त्व मांडले आहे. त्याला ते परस्परपूरकतेचे तत्त्व म्हणतात. माणसाच्या अनेक भाषा एकच काम दोनदा करण्यासाठी नसतात. वेगवेगळ्या माणसांशी, वेगवेगळ्या प्रसंगी, वेगवेगळ्या कामांसाठी तो त्या वापरतो, आणि ज्या कामाला जी भाषा कधी लावली नाही त्या कामात ती लंगडते. हे तत्त्व आमच्या वाङ्मयमंडळातील त्या दुपारला तंतोतंत लागू पडते. थंडी, पाव, भांडणे यांच्यासाठी तिच्याकडे मराठी होती, कारण या गोष्टी ती इथे असतानाच मराठीत बोलत आली होती. कादंबरीतील स्मृतीचा विचार तिने प्रथम केला तो जर्मनीत. जर्मनमध्ये वाचला, इंग्रजीत वाद घातला, जर्मनमध्ये लिहिला. मराठीत तो विचार तिने एकदाही उच्चारला नव्हता. त्या सभागृहात ती तो आयुष्यात पहिल्यांदा मराठीत सांगू पाहत होती, तेही शंभर जणांसमोर, उभ्या उभ्या.

आणि प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. विशी-बाविशीतील एक वर्ष म्हणजे केवढे मोठे असते! या वर्षात तिने प्रथमच स्वतःचे घरभाडे भरले, विम्याचे अर्ज वाचले, एकटीने आजारपण काढले, एका मताशी जाहीर असहमती दाखवली, आपल्या देशाविषयी परक्यांना उत्तरे दिली. माणूस जाणता होतो तो अशा गोष्टींनी. हे सारे घडले अन्य भाषांत. म्हणजे मुलगी वर्षाने मोठी झाली आणि तिची मराठी तेवढीच राहिली. असे दोन-तीन वर्षे चालले, की माणूस तिशीचा आणि त्याची भाषा विशीची, असा प्रकार होतो. परदेशस्थ मराठी माणसांच्या बोलण्यात जो एक कोवळा, काहीसा गोड आणि कुठल्याही वादाला न पेलणारा सूर कधीकधी ऐकू येतो, त्याचे मूळ आम्हांला येथे दिसते. त्यांचे प्रेम आटलेले नसते. मराठी त्यांचे माहेर झालेली असते. माहेरी लाड होतात, सण होतात. जबाबदारीची कामे सासरीच राहतात.

आता आमच्या वाट्याकडे येतो. ती जर्मनीत असताना तिच्या प्रमाण मराठीचे संबंध ज्या माणसांशी उरले होते, ती माणसे म्हणजे आम्ही. तिची आलेली इ-पत्रे आम्ही नुकतीच काढून पाहिली. पहिली दोन देवनागरीत, लांबलचक, अडखळत पण उत्साहाने लिहिलेली. त्यांतील एका पत्रात तिने आपल्या निबंधाचा विषय मराठीत समजावून सांगण्याची खटपटही केली होती. आम्ही काय उत्तर दिले? चार ओळी, त्याही इंग्रजीत. भ्रमणध्वनीवर देवनागरी उमटवायचा कंटाळा, परीक्षांची घाई, शिफारसपत्राचा मजकूर तसाही इंग्रजीतच हवा होता. पुढचे पत्र तिने इंग्रजीत लिहिले. त्यानंतरची सगळीच. आम्ही वर्गात भाषेच्या ऱ्हासाविषयी तळमळीने बोलणारे लोक. पण एका विद्यार्थिनीच्या मराठीला वर्षभर पुरेल असे जे एकमेव काम आपसूक चालून आले होते, ते आम्ही चार ओळींत संपवले. अध्यापक-कक्षातील निवाडा ऐकताना आम्ही गप्प राहिलो त्याचे कारण हे आहे.

युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची 'इरॅस्मस' योजना १९८७ साली ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. तिच्यामागे गृहीत धरलेले चित्र साधारण असे : फ्रेंच मुलगा जर्मनीत जाईल, वर्षभर जर्मनमध्ये राहील, परत येईल. त्याच्या फ्रेंचची काळजी कुणी करण्याचे कारण नाही. परतल्यावर त्याचे अध्यापक फ्रेंचमध्ये शिकवतात, संशोधन फ्रेंचमध्ये छापले जाते, जर्मनीत शिकलेला विचार त्याला फ्रेंचमध्ये मांडावाच लागतो. त्याची भाषा घरी बसून त्याची वाट पाहते, तीही काम तयार ठेवून. आमच्या मुलीचे तसे नाही. ती परतली ती अशा ठिकाणी, जिथे साहित्यसिद्धान्ताची चर्चा थोडी गंभीर झाली की आपण सगळेच इंग्रजी वळणाने बोलू लागतो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हीही पेढे वाटले. पण एका बाविशीतील मुलीला आपला निबंध जिच्यात सांगता येत नाही, त्या भाषेचे अभिजातपण तिच्या काय उपयोगाचे, हा प्रश्न पेढ्यांनी सुटत नाही.

आपल्या परंपरेत याचे उत्तर नाही काय? आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि त्याच वेळी संस्कृत शिकवत होत्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर १८८७ साली 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले, कारण ते अमेरिकन वाचकांना सांगायचे होते. परतल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' मराठीत प्रसिद्ध केले, कारण अमेरिका मराठी वाचकांना सांगायची होती. पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकल्या त्या बायबलचे मराठी भाषांतर मुळावरून करता यावे म्हणून. रमाबाईंनी भाषा 'टिकवून ठेवल्या' असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. त्यांनी प्रत्येक भाषेला काम दिले. टिकणे हे त्या कामाबरोबर झाले.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवून परतल्या. नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे. पण 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीत आहे, 'परिपूर्ती'तील लेख मराठीत आहेत, 'युगान्त' आधी मराठीत आहे आणि मग त्यांनीच ते इंग्रजीत नेले. आपले शास्त्र त्यांनी मराठीला वर्ज्य मानले नाही, म्हणून त्यांच्या मराठीला त्यांच्याबरोबर प्रौढ होता आले.

उलट दिशेचे उदाहरणही घेऊ. हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर यांची मराठी जर्मनीत बसून कशी टिकली? खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्या उपासनेचा शोध त्यांनी घेतला, धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या ओव्यांचा अर्थ लावण्यासाठी मराठी हवीच होती, तीही पाठ्यपुस्तकाबाहेरची. १९९२ साली ते गेले तोवर हे काम चालू होते. त्यांना कुणी 'मराठी विसरू नका' असे बजावले असेल असे वाटत नाही.

असामान्य माणसांची उदाहरणे सामान्य विद्यार्थ्याच्या डोक्यावर आपटण्याची आमची इच्छा नाही. त्यांच्यापासून घ्यायची ती फक्त एक गोष्ट : भाषा जपून ठेवल्याने राहत नाही, कामाला लावल्याने राहते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप जर्मन शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंचा. त्या म्हणतात, ''एक वर्ष मिळते. त्या वर्षात तरी मुलीला जर्मनमध्ये बुडू द्या. तुमची मराठी पळून जात नाही.'' यात तथ्य आहे. वर सांगितलेले संशोधनही बाईंच्याच बाजूने बोलते. परंतु आमच्या मुलीची जर्मन कुणी अडवली होती? मराठीने नव्हे. आठवड्याची एकूण मराठी भरली असती जेमतेम अर्धा तास. जर्मनची जागा खाल्ली ती इंग्रजीने, आणि काही अंशी वसतिगृहातील हिंदीने. शेवटी तिची जर्मन सुटी झाली ती 'टांडेम'मुळे : एक जर्मन विद्यार्थिनी, जिला हिंदी शिकायची होती, ती आणि ही आठवड्यातून दोनदा भेटत, एक तास जर्मन, एक तास हिंदी, आणि इंग्रजीला बंदी. येथेही सूत्र तेच. जर्मनला एक माणूस मिळाले आणि एक काम मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एखाद्याला आपल्या भाषेपासून वर्षभर सुटीच हवी असेल तर? मोनिका श्मिड यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाझी राजवटीत जर्मनी सोडून इंग्रजीभाषक देशांत गेलेल्या ज्यूंची जर्मन तपासली. कुणाची भाषा किती झिजली हे, ती व्यक्ती कोणत्या वयात गेली किंवा किती कमी जर्मन बोलली, यापेक्षा जाण्यापूर्वी तिने किती छळ सोसला होता यावरून अधिक उलगडत होते. त्या भीषणतेशी आपल्या वर्गाची तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. तरीही भाषेशी असलेले नाते जखमी असेल तर सवय फारशी कामाला येत नाही, एवढे त्यातून घेता येते. आमच्या मुलीने बोलता बोलता एकदा सांगितले, की प्रथम वर्षात तिच्या 'न' आणि 'ण'वर वर्ग हसला होता. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये ती परकी होती, पण सगळ्यांइतकीच परकी. तिथे तिच्या उच्चारावरून तिचे गाव किंवा जात कुणी ओळखत नव्हते. ''तिकडे चुकायची लाज वाटली नाही,'' असे तिचे शब्द. वर्ग हसला तेव्हा शिकवत कोण होते, हे तिने सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही.

म्हणून एखाद्याने त्या वर्षात मराठीकडे पाठ फिरवली, तर त्याला बोल लावण्याआधी आपण आपल्या वर्गाकडे पाहावे. सुटी घेण्याचा अधिकार आम्ही मानतो. मात्र सुटी घेणे वेगळे आणि परतायला जागाच न उरणे वेगळे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. भ्रमणध्वनीवरील यंत्रानुवाद जर्मन परिच्छेदाचे मराठी क्षणात करून देतो. मग हा खटाटोप कशाला? कारण सभागृहात तिला मजकूर हवा नव्हता, विचार हवा होता, तोही आपल्या तोंडी बसलेला. यंत्राने दिलेले वाक्य वाचून दाखवता येते. मागच्या बाकावरून उलट प्रश्न आला की ते संपते.

यंदा आमचा एक विद्यार्थी वर्षभरासाठी जर्मनीला चालला आहे. त्याला निरोप देताना 'मराठी विसरू नकोस' असे आम्ही म्हणणार नाही. त्याऐवजी त्याच्याशी बसून एक साधी वाटणी केली आहे. जर्मन : पहिल्या आठवड्यातच टांडेमचा जोडीदार शोधायचा, आणि सत्रात किमान एक निबंध इंग्रजीची सवलत असली तरी जर्मनमध्येच लिहायचा. इंग्रजी : तिची काळजी करायची नाही, फक्त तिला जर्मनच्या ताटात हात घालू द्यायचा नाही. हिंदी : मित्र मिळतीलच, तेवढे पुरे. संस्कृत त्याने दोन वर्षे केले आहे; ते या वर्षी झोपले तरी चालेल. साऱ्या भाषा एकाच वेळी जाग्या ठेवण्याच्या हट्टापायी माणसाची झोप जाते, आणि झोपलेली भाषा पुन्हा शिकताना पहिल्याइतके कष्ट पडत नाहीत. घरची वऱ्हाडी आईवडिलांकडे सुरक्षित आहे. आणि प्रमाण मराठी : महिन्याला एक पत्र, देवनागरीत, हजारेक शब्दांचे. त्यात बर्फ आणि पाव कितीही असावेत. पण त्या महिन्यात वर्गात शिकलेली एक तरी गोष्ट अशी मांडलेली असावी, की येथील एम.ए.च्या मुलांना ती कळेल. ते पत्र वर्गात वाचले जाईल. मुले प्रश्न लिहितील, ते त्याला पाठवले जातील, आणि त्याला उत्तर द्यावे लागेल.

या वाटणीतील सर्वांत अवघड कलम मात्र त्याच्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे : त्याच्या प्रत्येक पत्राला मराठीत, पानभर तरी उत्तर आठ दिवसांत द्यायचे. आम्ही ते लिहून दिले आहे.

आणि ती मुलगी? त्या दुपारनंतर महिनाभराने आम्ही तिला म्हणालो, की तुझा तो जर्मन निबंध मराठीत लिहून काढ. भाषांतर नको, नव्याने लिही. ती अजून लिहिते आहे. आठवड्यातून एकदा येते, आणि दोन-तीन शब्दांवर तासभर अडते. परवा 'आठवण', 'स्मरण' आणि 'स्मृती' यांत तिच्या कादंबरीकाराला नेमके काय अभिप्रेत आहे यावर आम्हां तिघांचे जोरदार भांडण झाले. जर्मनमध्ये हा भेद तिने एका वाक्यात उरकला होता, असे ती म्हणाली. मराठीत तिला दोन परिच्छेद लागले, आणि त्यांत तिच्या मूळ युक्तिवादातील एक चूक तिला सापडली. मग तिने विचारले, की अहिराणीत या तिन्हींसाठी तिची आई काय म्हणते ते निबंधात घातले तर चालेल का. या वेळी मान डोलावताना आम्हांला संकोच वाटला नाही.